उताराच्या वाडीतले पावसाचे पाणी: गटार कुठे, गवत कुठे आणि मुरवू नये ते कुठे

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाडी सड्याखालच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या उघड्या पठाराखालच्या, उतारावर वसलेली आहे आणि तिच्यात साठेक घरे आहेत. सड्यावरून खालच्या वाडीपर्यंत उतरणारी सुमारे ४०० मीटरची जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) तीन वर्षांपूर्वी काढून तिथे ३ मीटर रुंदीचा काँक्रीटचा रस्ता करण्यात आला. तेव्हापासून जुलैतल्या मोठ्या सरीत खालच्या वाडीतील काही घरांच्या पडवीत पाणी शिरते, लाल गाळ भातखाचरांत येऊन बसतो, आणि विहिरी मात्र मार्चअखेरीस तळ गाठतात. ठेकेदाराने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थेट खाडीपर्यंत काँक्रीटचे गटार सुचवले आहे. वाडीतल्या तरुण मंडळींचे म्हणणे असे की गवताचे चर, शोषखड्डे आणि झाडे यांवर काम भागेल. यांपैकी कोणाचे ऐकावे?

दोन्ही सूचना पाणी कुठून येते हे न मोजता केलेल्या दिसतात, म्हणून आधी तो हिशेब मांडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. परंतु पडवीत पाणी शिरते ते वर्षाच्या बेरजेमुळे नव्हे, तर एखाद्या दुपारी दहा-पंधरा मिनिटे ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळणाऱ्या सरीमुळे. अशा सरीत आपल्या ४०० मीटर रस्त्यावर, म्हणजे १२०० चौरस मीटरवर, सेकंदाला सुमारे ३३ लिटर पाणी जमते. रस्त्यालगतच्या तीस घरांची छपरे प्रत्येकी १०० चौरस मीटर धरली, तर त्यांची भर सेकंदाला सुमारे ८३ लिटर होते. आता वरच्या सड्याचा केवळ दोन हेक्टरचा भाग रस्त्याच्या तोंडाकडे उतरतो असे माना. उघडा कातळ पडलेल्या पावसाचा साधारण सत्तर टक्के भाग लगेच सोडून देतो, असे धरले तरी तिथून सेकंदाला ३९० लिटरच्या आसपास पाणी येते.

म्हणजे आपल्या वाडीत शिरणाऱ्या पाण्यापैकी बहुतेक पाणी रस्त्याचे नाही आणि घरांचेही नाही. ते सड्याचे आहे. रस्त्याने एवढेच केले की पूर्वी दहा वाटांनी विखरून उतरणाऱ्या पाण्याला एक गुळगुळीत, सरळ आणि वेगवान वाट करून दिली. पाखाडीच्या प्रत्येक पायरीवर पाणी आपटत असे, तिथे त्याचा जोर मोडत असे, आणि कडेच्या गडग्यातल्या, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या कुंपणातल्या, फटींतून थोडेथोडे पाणी दोन्ही बाजूंच्या परड्यांत (घरामागच्या बागेत) सुटत असे. या दोन्ही गोष्टी आता राहिलेल्या नाहीत. शिवाय रस्ता झाल्यावर अनेकांनी जुना गडगा काढून सिमेंटमध्ये चिऱ्याचे कुंपण बांधले असणार, कारण सगळीकडे तसेच होते. त्या भिंतींना खाली पाणी जाण्यापुरतीही भोके ठेवलेली नसतात, त्यामुळे परड्यातले पाणीसुद्धा फाटकातून रस्त्यावर येते आणि रस्त्यावरचे पाणी पुन्हा कुठेच शिरू शकत नाही.

हा हिशेब खरा असेल, तर पहिले काम रस्त्याच्या कडेला नसून सड्याच्या ओठावर आहे. गावातल्या जाणत्या माणसांना एकच प्रश्न विचारा: रस्ता होण्यापूर्वी सड्यावरचे पाणी कुठून उतरत असे? बहुतेक गावांत उत्तर मिळते की सड्याच्या कडेने एक पाट होता, तो पाणी आडवे नेऊन पऱ्यात (ओढ्यात) सोडत असे, आणि रस्त्याच्या भरावात किंवा एखाद्या कुंपणाच्या पायात तो बुजला. तो पाट शोधून मोकळा करावा, आणि नसेल तर नवा काढावा. कातळ फोडून खोल चर खणण्यापेक्षा चिऱ्यांचा आणि मातीचा दीड-दोन फूट उंचीचा बांध घालून त्याच्या वरच्या अंगाने पाणी न्यावे. त्याला दर १०० मीटरला अर्धा ते एक मीटर एवढाच उतार द्यावा, आणि पाणी पूर्वी ज्या पऱ्याला मिळत होते त्यालाच ते मिळावे. दुसऱ्या पऱ्यात वळवले तर आपण दुसऱ्या वाडीवर संकट ओढवतो. पऱ्याच्या तोंडाशी मोठे दगड रचून पाण्याचा जोर मोडावा आणि पऱ्याचे पात्र खालपर्यंत मोकळे आहे, कोणी अंगण वाढवून ते अरुंद केलेले नाही, याची पायी फिरून खात्री करावी. या एका कामाने रस्त्यावरचे पाणी जितके कमी होईल तितके खालच्या कोणत्याही गटाराने होणार नाही, आणि खर्चही त्या मानाने थोडाच येतो.

येथे एक वेगळी सूचना. सड्यावर जेसीबी नेण्यापूर्वी कातळ झाडून पाहावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पे (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे) २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्यांतली कितीतरी मातीच्या पातळ थराखाली झाकलेली असतात. सड्यावर झाडे लावण्याचा उत्साहही थोडा आवरावा. पावसाळ्यात तिथे उगवणारे गवत आणि फुले ही त्या कातळाचीच आहेत, आणि सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांतली रोपे बहुधा दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. सड्यावर, कड्यापासून बरीच आत, एखादी बंद पडलेली चिरेखाण असेल तर मात्र तिचा उपयोग जरूर करावा. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खाणीत नऊ लाख लिटर पाणी मावते. तिला भक्कम कुंपण घालणे ही आधीची अट आहे, कारण खाणीच्या उभ्या भिंतींवरून पडलेल्या मुलाला किंवा गुराला वर येता येत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे तो. हरित पायाभूत सुविधा, म्हणजे काँक्रीटऐवजी गवत, माती आणि झाडे यांच्या साह्याने पाणी हाताळणारी कामे, यांवर जे साहित्य आज उपलब्ध आहे, त्यातले बरेचसे थोड्या पावसाच्या आणि सपाट वस्तीच्या प्रदेशांतून आलेले आहे. तिथे सर येते, थांबते, जमीन पाणी पिते आणि पुढच्या सरीपर्यंत पुन्हा कोरडी होते. कोकणात जुलैमध्ये जमीन तुडुंब भरलेली असते. तिच्यात आणखी पाणी मुरवायला जागाच उरत नाही, आणि उतारावर तसा आग्रह धरणे धोक्याचेही ठरते. जांभ्याचा वरचा थर फटींचा आणि भोकांचा असतो, त्यातून पाणी सरळ खाली जाते. त्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढुरकी-जांभळट चिकणमाती असते आणि तिथे पाणी अडते. अडलेले पाणी त्या थराच्या पाठीवरून आडवे सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जोवर झरा वाहतो तोवर ठीक. पण वरून येणारे पाणी बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झाले की मातीतला दाब वाढतो, तिची पकड सुटते आणि उतार घसरतो. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तिथला खडक आणि उतार आपल्या वाडीसारखा नाही, पण भरलेली माती आणि तिच्याखालची घरे ही जोडी तीच आहे.

म्हणून घरांच्या वरच्या उभ्या उतारावर समतल चर, शोषखड्डे किंवा पाझर तळे घेऊ नये, योजनेत कितीही आकर्षक दिसत असले तरी. तिथे पाणी अडवायचे नाही. ते लवकर, पण जोर मोडून, बाजूला काढायचे. तिथली झाडे तोडू नयेत आणि पाया काढण्यासाठी उताराचा पायथा उभा कापू नये. सड्याच्या कडेला जमिनीत नवी भेग पडली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, पायथ्याशी नसलेला झरा अचानक फुटला किंवा वाहत्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर गटार आणि गवताची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी तहसील कार्यालयाला कळवावे आणि खालच्या घरांतील माणसांना हलवावे.

पाणी मुरवण्याजोगी जागा कोणती, हे ओळखण्यासाठी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून त्यात पाणी भरावे, ते जिरले की पुन्हा भरावे आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने पाहावे. तासाला १२-१३ मिलिमीटरही उतरत नसेल तर तिथे मुरवण्याचा विचार सोडून द्यावा. ही परीक्षा जुलैत, दोन दिवस पाऊस झाल्यावर करावी. मे महिन्यात तडकलेली जमीन घागरीमागून घागरी पिऊन टाकते आणि मग अंदाजपत्रकात पावसाळ्यात कामाला न येणारे खड्डे लिहिले जातात.

सड्याचे पाणी वर वळवले गेले असे धरून आता रस्त्याकडे येऊ. काँक्रीट उखडण्याची गरज नाही. दर २५ मीटरला रस्त्यात एक आडवा पाट कापावा, फूटभर रुंद आणि वीतभर खोल, वरून गजांची जाळी बसवलेला. तो रस्त्याला काटकोनात घेतला तर गाळाने भरतो आणि मोठ्या सरीतले पाणी त्यावरून उडी मारून पुढे जाते. म्हणून तो उताराच्या दिशेला तिरका, साधारण ३० ते ४५ अंशांत काढावा. २५ मीटर रस्ता म्हणजे ७५ चौरस मीटर, आणि ताशी १०० मिलिमीटरच्या सरीतही एवढ्या भागावर सेकंदाला जेमतेम दोन लिटर पाणी जमते. एवढे पाणी पोफळीच्या आगराला किंवा केळीच्या बागेला सहज पेलते. सगळे पाणी एकाच ठिकाणी, वाडीच्या तळाशी एकवटून आले की ते कोणालाच पेलत नाही, आणि आपल्याकडे आज तेच घडते आहे.

प्रत्येक आडवा पाट कोणाच्या तरी परड्यात उघडणार, तेव्हा ज्याच्या परड्यात पाणी जाईल त्याची लेखी संमती ग्रामसभेच्या नोंदीत असावी. सामाईक सात-बारावर दहा नावे असतात आणि त्यांतली सहा मुंबईत. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असताना ही बैठक घ्यावी, नाहीतर गणपतीत भांडण होते. परड्यात पाणी जिथे पडते तिथे चिऱ्याचे तुकडे पसरावेत आणि पुढे उथळ, रुंद, गवताळ चर काढावा. उतार दर १०० मीटरला ५ मीटरपर्यंत असेल तोवर गवत टिकते. त्यात फूटभर उंचीचे दगडी अडसर घालायचे झाल्यास वरच्या अडसराच्या पायाशी खालच्याचा माथा यावा, म्हणजे या उतारावर सहा-सहा मीटरवर एक. त्याहून उभ्या जागी गवत वाहून जाते, तिथे पाखाडीसारख्या पायऱ्यांचा दगडी पाटच हवा. कडा धरून ठेवायला वाळ्याइतके चांगले काही नाही. त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि गुरे त्याच्या जुन्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत. ओल्या जागी अळू, कर्दळ आणि केळ चालते, कडेने निर्गुडी लावावी. हापूसच्या कलमाच्या आळ्यात मात्र हे पाणी सोडू नये, त्याच्या मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही.

घरांपुरते बोलायचे तर पागोळ्यांखाली दीड हात रुंदीची गोट्यांची पट्टी पुरेशी आहे, म्हणजे अंगण खणले जात नाही आणि लाल शिंतोड्यांनी भिंत भिजत नाही. पाणी साठेल असा खोलगट वाफा जोत्यापासून निदान ३ मीटर दूर असावा आणि त्यातले पाणी दोन दिवसांत ओसरलेच पाहिजे, नाहीतर डास होतात. गोठ्याचे पाणी यात अजिबात मिसळू नये. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे (लेप्टोचे) रुग्ण दर पावसाळ्यात आढळतात, आणि गुरांच्या व उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून, चिखलातून अनवाणी चालल्याने हा आजार होतो. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचा शोषखड्डा हे स्वतंत्र काम आहे; तो पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा, आणि जांभ्यात फटींमधून पाणी लांबवर जाते म्हणून शक्य तेवढा आणखी दूर.

ठेकेदाराचे गटार सगळेच टाकाऊ आहे असे नाही. जिथे दोन्ही बाजूंची घरे रस्त्याला चिकटून आहेत आणि पाणी बाजूला सोडायला परडेच नाही, तेवढ्या पट्ट्यात एका बाजूने गटार हवे. त्याचा तळ गुळगुळीत नको, पायऱ्यापायऱ्यांचा हवा. आक्षेप आहे तो ते थेट खाडीत नेण्याला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर असते. त्याच वेळी मोठी सर आली तर पाणी बाहेर जाण्याऐवजी मागे सरकते, आणि खारे पाणी गटारातून खाचरांपर्यंत येते. खारे पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधांना उघाडी (झडप) असते ती याचसाठी: भरतीला ती मिटते आणि ओहोटीला उघडते. शिवाय खाडीच्या तोंडाशी कांदळवन असेल तर तिथे परवानगीशिवाय कोणतेही काम करता येत नाही. हे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात नसणार.

गटार खाडीऐवजी खाचरांत संपावे. खालच्या वाडीच्या पुढे पड राहिलेली, बांध फुटलेली भातखाचरे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही, पण नसतील तर मला आश्चर्य वाटेल. एक हेक्टर खाचरांचे बांध दुरुस्त करून चार बोटे नव्हे, तर चांगले १० सेंटिमीटर जास्त पाणी उभे राहील इतकी जागा ठेवली, तर एका सरीचे दहा लाख लिटर पाणी तिथे काही तास थांबू शकते. लावणी झालेल्या शेतात ही जागा थोडी कमी धरावी, कारण रोपे बुडता कामा नयेत. भातशेतीच्या या जुन्या बांधांइतके मोठे आणि स्वस्त साधन दुसरे कोणतेही नाही, आणि रोजगार हमीतून बांधदुरुस्ती करून घेता येईल का ते पाहावे. पहिल्या खाचराच्या आधी ३ मीटर बाय २ मीटरचा, मीटरभर खोल गाळखड्डा ठेवावा. दिवाळीनंतर तो उपसला की ती माती परसबागेला किंवा बांधाला वापरता येते.

विहिरींबद्दल मात्र खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. जुलैत जांभ्यात मुरलेले पाणी बहुतांशी काही आठवड्यांत झऱ्यांवाटे निघून जाते. वरील कामांनी विहिरीचे पाणी पंधरा-वीस दिवस अधिक टिकले तरी समाधान मानावे. त्यासाठी वेळ साधायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची, पाऊस ओसरल्यावर पण पऱ्या वाहता असताना. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे विहिरीच्या वरच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी घालावेत आणि मेअखेरीस न विसरता काढावेत. पिण्याच्या विहिरीत रस्त्याचे पाणी सोडून पुनर्भरण करण्याची कल्पना कोणी मांडली तर ती ऐकू नये. छपराचे पाणी, तेही पहिल्या काही सरी सोडून आणि गाळून, एवढेच तिथे चालेल. १०० चौरस मीटरच्या छपरावर पावसाळ्याभरात तीन लाख लिटर पाणी पडते, तेव्हा टंचाईच्या घरांना टाकी बांधून देणे हा याहून सरळ उपाय आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीत पर्जन्यजल संकलन धरलेले होते. आपल्या गावच्या आराखड्यात ते कोणत्या शीर्षाखाली बसते ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पाहून घ्यावे.

देखभालीसाठी समिती नेमण्यापेक्षा प्रत्येक आडवा पाट एकेका घराच्या नावाने लावून द्यावा. मृगाआधी एकदा आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या सरीच्या दुसऱ्या सकाळी जाळी उचलून पाला काढायचा, एवढेच काम आहे. पण ते झाले नाही तर तीन सरींत पाट भरतो आणि रस्ता पुन्हा पूर्वीसारखा वाहू लागतो.

या जुलैत मोठी सर चालू असताना छत्री घेऊन दोघांनी सड्यापासून खालपर्यंत चालत यावे, पाणी रस्त्यावर कुठे चढते आणि कुठे उतरते ते मोबाइलवर टिपावे, आणि गावच्या नकाशावर बाणांनी काढावे. सड्याचा रस्त्याकडे उतरणारा भाग किती हेक्टर भरतो, सड्याच्या कडेपासून पऱ्यापर्यंतचे अंतर किती, आणि पऱ्याच्या पात्राची सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी व खोली किती, ही मापे कळवल्यास बांधाची उंची आणि पाटाचा उतार नेमका काढून देता येईल. तोवर ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देऊ नये.